आगगाडीतील आग कोठे गेली?

वस्तू बदलतात, परंतु त्यांची नावे पुष्कळदा तशीच राहतात. ‘शाई’ हा शब्द काळा रंग दाखविणाऱ्या फारसी शब्दावरून आपल्याकडे आला. तरीही आपण ‘निळी शाई’, ‘लाल शाई’ असे खुशाल म्हणतो. ‘तेल’ हा शब्द तिळापासून झाला. परंतु शेंगदाण्याचे, करडईचे आणि खोबऱ्याचेही तेलच असते. ‘आगगाडी’ हा शब्दही असाच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत, म्हणजे ३४ किलोमीटर अंतर, आपल्या देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. साहिब, सिंध आणि सुलतान अशा तीन इंजिनांनी ती ओढली होती. बैल नाही, घोडा नाही, आणि पोटात भडकलेल्या आगीच्या जोरावर गाडी धावते आहे, हे पाहून लोकांनी तिला ‘आगगाडी’ म्हटले, यात नवल ते काय! आज आसनगावच्या किंवा खर्डीच्या स्टेशनात जी गाडी येऊन उभी राहते, तिच्यात ना भट्टी असते, ना कोळसा, ना धूर. तरीही जुनी माणसे तिला आगगाडीच म्हणतात. मग त्या गाडीतील आग गेली कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपणांस रेल्वेच्या इतिहासातील एका मोठ्या स्थित्यंतराची ओळख होईल.

त्यासाठी आपण ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन शेजारी तालुक्यांकडे पाहू. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले; दोन्हींकडे भाताची शेती, रानावनांत राहणारे ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी बांधव, आणि पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या नद्या. परंतु एका गोष्टीत हे शेजारी वेगळे आहेत. शहापूर तालुक्यातून मुंबईहून नाशिककडे जाणारा लोहमार्ग गेला आहे. ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली, १८५५ मध्ये वाशिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला. पुढे घाट चढून ती इगतपुरीस जावयास मात्र १८६५ साल उजाडले. मुरबाड गावाला आजवर रेल्वे पोहोचलेली नाही. तेथील प्रवासी एसटीच्या गाडीने कल्याणला, टिटवाळ्याला किंवा बदलापूरला येतो आणि तेथून रेल्वेत चढतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

आता ती पहिली आग पाहू. वाफेच्या इंजिनात एक मोठी भट्टी असे. तीत दगडी कोळसा जळत असे. त्या उष्णतेने बॉयलरमधील पाण्याची वाफ होई. कोंडलेली वाफ पसरू पाहते, आणि तिला वाट मिळाली की ती जोराने धक्का देते. चुलीवरच्या पातेल्यावरील झाकण उडताना आपण पाहतोच. तोच धक्का इंजिनातील दट्ट्याला बसे, दट्ट्या पुढेमागे सरके आणि दांड्यांच्या साह्याने चाके फिरत. ही युक्ती अतिशय उपयुक्त होती; तिने शंभर वर्षांहून अधिक काळ जगाची वाहतूक सांभाळली. परंतु तिच्यात दोन मोठी उणी होती. एक म्हणजे, इंजिनाला आपले सारे अन्नपाणी स्वतःबरोबर वाहून न्यावे लागे. कित्येक टन कोळसा आणि त्याहूनही अधिक पाणी घेऊन ते निघे; म्हणजे प्रवाशांना ओढण्याआधी त्याला आपली शिदोरीच ओढावी लागे. दुसरे म्हणजे, कोळशातील बहुतेक उष्णता धुराबरोबर आणि वापरून सोडलेल्या वाफेबरोबर वाया जाई. जळलेल्या कोळशातील शक्तीचे शंभर भाग धरले, तर त्यांतील दहा भागही चाकांपर्यंत पोहोचत नसत.

सपाटीवर हे उणे फारसे जाणवत नसे. खरी परीक्षा होई ती कसाऱ्याच्या पुढे, थळ घाटात. तेथे लोहमार्ग १५ किलोमीटरांच्या आत सुमारे ३०० मीटर उंच चढतो. काही ठिकाणी चढ ३७ मीटरांस १ मीटर इतका आहे. आपल्याला पायी चालताना असा चढ सौम्य वाटेल. परंतु लोखंडी रुळांवरील लोखंडी चाकांना तो फार कठीण असतो, कारण गुळगुळीत लोखंडावर चाकांची पकड थोडीच असते. त्यामुळे चढावर गाडी ओढण्यासाठी एकाहून अधिक इंजिने लावावी लागत. धडधडत, फुसफुसत, काळा धूर ओकत गाडी बोगद्यात शिरली, की तो धूर बोगद्यात कोंडे. डब्यांच्या खिडक्या बंद केल्या तरी डोळे चुरचुरत. प्रवाशांचे हे हाल काही मिनिटांचे असत. परंतु इंजिनावरील फायरमनचे काय? भट्टीच्या तोंडाशी उभे राहून, एका फावड्यामागून दुसरे फावडे कोळसा आत लोटीत, उन्हाळ्यातही त्याला ती आग धगधगती ठेवावी लागे. त्याच्या श्रमांवर गाडी घाट चढत असे.

ही आग गाडीतून बाहेर काढता येईल काय, असा विचार शास्त्रज्ञांनी केला. आग एका ठिकाणी राहावी, तिच्यापासून निर्माण झालेली शक्ती तारेने गाडीपर्यंत यावी, आणि गाडीने फक्त धावण्याचे काम करावे, अशी ही कल्पना होती. १८७९ मध्ये जर्मनीतील बर्लिन शहरात वेर्नर फॉन सीमेन्स या संशोधकाने एका प्रदर्शनात विजेवर चालणारी छोटी गाडी लोकांस दाखविली. त्यानंतर ४६ वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, भारतातील पहिली विजेची गाडी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गावर धावली. आज त्याच स्टेशनाला आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतो. ती गाडी अवघ्या चार डब्यांची होती. मुंबईच्या पाठीशी सह्याद्रीत खोपोली आणि भिवपुरी येथे, उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर वीज तयार होऊ लागली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे विजेच्या तारा कल्याणपर्यंत आल्या, आणि १९३० पर्यंत दोन्ही घाट चढून एका बाजूस इगतपुरीला व दुसऱ्या बाजूस पुण्याला पोहोचल्या. या वाढत्या कामासाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे कोळशावर चालणारे स्वतःचे वीजकेंद्र उभारले. ते आता बंद झाले असले, तरी आपल्या गोष्टीत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

विजेची गाडी चालते कशी, हे आता समजून घेऊ. रुळांच्या वर, खांबांच्या आधाराने, तांब्याची एक तार ताणून बसविलेली असते. गाडीच्या टपावर एक सांगाडा असतो. त्याला पेंटोग्राफ म्हणतात. तो स्प्रिंगच्या किंवा हवेच्या दाबाने वर उचललेला राहतो आणि त्याची पट्टी त्या तारेला सतत घासत जाते. तारेतील वीज या पट्टीतून गाडीत येते, मोटारींमधून जाते, चाकांतून रुळांत उतरते आणि रुळांवाटे उपकेंद्राकडे परत फिरते. अशा रीतीने विजेचा फेरा पूर्ण होतो. मोटारीत लोहचुंबकाचे बळ कामास येते. तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहू लागली की ते वेटोळे चुंबकासारखे वागते. शेजारचे चुंबक त्याला ओढते वा ढकलते आणि ते गरगर फिरू लागते. घरातील पंखा याच तत्त्वावर फिरतो. गाडीची मोटार म्हणजे त्या पंख्याचा महाबळी भाऊच समजा. तो पाती फिरवीत नाही, चाके फिरवितो, इतकाच भेद.

घाटासाठी १९२८ पासून जी विजेची मालवाहू इंजिने आली, ती दिसण्यास मोठी विलक्षण होती. मधला भाग उंच, आणि पुढेमागे दोन लांब, बुटकी तोंडे. वळणावर ही तोंडे थोडी वळत, म्हणून एवढे मोठे धूड असूनही घाटातील वाकणे त्यास जड जात नसत. स्वित्झर्लंड व इंग्लंड या देशांत बनविलेल्या या ४१ इंजिनांची शक्ती प्रत्येकी सुमारे २६०० अश्वशक्ती होती. परदेशांत अशा इंजिनांना ‘मगर’ म्हणत. आपल्या रेल्वे कामगारांनी मात्र त्यांचे नाव ठेवले ‘खेकडा’! उभे असताना व चालताना इंजिनातून निघणाऱ्या चमत्कारिक आवाजावरून हे नाव पडले, असे सांगतात. कातळाला पाय रोवून चढणारा खेकडा पावसाळ्यात ओढ्याकाठी ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाव शोभून दिसल्याखेरीज राहणार नाही. या खेकड्यांनी सहा दशके सेवा केली. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात त्यांपैकी एक जतन करून ठेवला आहे.

वाफ आणि वीज यांच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे, तो डिझेल इंजिनाचा. डिझेल इंजिनात भट्टी दिसत नाही. परंतु आग असते. ती पोलादी नळकांड्यांच्या आत, क्षणोक्षणी, तेलाचे तुषार पेटून निर्माण होते. या आगीने इंजिन फिरते, इंजिनाला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते, आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी चालतात. म्हणजे डिझेलची मोठी इंजिने बहुधा आपले छोटेसे वीजकेंद्र पाठीवर घेऊनच हिंडतात. त्यांना वरच्या तारेची गरज नसते, हा त्यांचा मोठा गुण आहे. जेथे तारा नाहीत, तेथेही ती जाऊ शकतात. आपल्याच ठाणे जिल्ह्यातील दिवा स्टेशनापासून वसईकडे आणि पनवेलवरून रोह्याकडे जाणाऱ्या मार्गांवर कित्येक वर्षे डिझेलच्या गाड्या प्रवाशांची ने-आण करीत होत्या. आता तेथे ‘मेमू’ नावाच्या विजेच्या गाड्या धावतात. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेचा मार्गही आरंभी डिझेलवरच चालत असे. २०२२ मध्ये त्याचे विद्युतीकरण पूर्ण झाले.

डिझेल जर तारेवाचून चालते, तर ते सोडून विजेकडे वळण्याचे कारण काय? एक कारण रोजच्या प्रवासात दिसते. कसारा मार्गावरील लोकल गाडी दर काही किलोमीटरांवर थांबते. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी असे करीत तिला कसारा गाठावयाचे असते. मुंबईपासून कसाऱ्याचे अंतर १२१ किलोमीटर आहे. ज्या गाडीला इतक्या वेळा थांबावे लागते, तिने सुटताच चटकन वेग घेतला पाहिजे. एकट्या इंजिनाने साऱ्या डब्यांना ओढण्यास वेळ लागतो. विजेच्या लोकलमध्ये एकच इंजिन पुढे नसते. अनेक डब्यांच्या तळाशी मोटारी बसविलेल्या असतात व त्या एकाच वेळी जोर लावतात. पालखी एकाने उचलणे आणि आठांनी खांदा देणे यांत जो फरक, तोच येथे. शिवाय दोन्ही टोकांना चालकाची खोली असल्याने शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडून दुसऱ्या बाजूस जोडण्याचा खटाटोप करावा लागत नाही. चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, आणि गाडी परतीस सिद्ध होते. दर थांब्यास मिनिट-अर्धा मिनिट वाचले, तरी दोन तासांच्या वाटेत त्याची बेरीज मोठी होते. त्याच रुळांवरून अधिक गाड्या सोडता येतात.

मुंबईच्या परिसरातील या तारांमध्ये पूर्वी १५०० व्होल्ट दाबाची, एकाच दिशेने वाहणारी वीज होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने बदलून २५००० व्होल्ट दाबाची, क्षणोक्षणी दिशा पालटणारी वीज तारांत सोडण्यात आली. मध्य रेल्वेवरील हे काम २०१६ मध्ये हार्बर मार्गाबरोबर पूर्ण झाले. हा बदल कशासाठी, ते पाण्याच्या उदाहरणाने कळेल. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मोठ्या नळांनी मुंबईला जाते. आता असे समजा, की पडत्या पाण्याच्या धारेने आपल्याला एक चाक फिरवावयाचे आहे. धार कमी उंचीवरून पडत असेल, तर पुष्कळ पाणी सोडावे लागेल, आणि त्यासाठी नळही रुंद हवा. तीच धार सतरापट उंचीवरून सोडली, तर सतराव्या हिश्श्याइतके पाणीही तेच काम करील, व नळ अरुंद असला तरी चालेल. विजेचा दाब म्हणजे जणू ही उंची, आणि विजेचा प्रवाह म्हणजे पाण्याचे प्रमाण. दाब सुमारे सतरापट वाढविला की तेवढ्याच कामासाठी तारेतून वाहणारा प्रवाह सतराव्या हिश्श्यावर येतो. तार कमी तापते, वाटेत वीज कमी वाया जाते, आणि मार्गावर जवळजवळ उपकेंद्रे बांधावी लागत नाहीत. आणखी एक सोय झाली. इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे २५००० व्होल्टची वीज आधीपासूनच होती. दोन विजा वेगळ्या असल्यामुळे लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्यांचे इंजिन इगतपुरीस बदलावे लागे. आता सारा मार्ग एकाच विजेचा झाल्याने ती अडचण उरली नाही.

याहूनही मौजेची गोष्ट घाट उतरताना घडते. विहिरीच्या कप्पीवर एकाच दोराच्या दोन टोकांना दोन घागरी बांधल्या, तर खाली जाणारी घागर वर येणाऱ्या घागरीस साह्य करते. विजेच्या गाडीतही असेच करता येते. मोटारीला वीज दिली की ती फिरते; परंतु तिला बाहेरून फिरविले, तर ती उलट वीज निर्माण करते. उतारावर गाडी आपल्या भाराने धावू लागली, की चालक मोटारींना जनित्राचे काम करावयास लावतो. वीज निर्माण करताना मोटार चाकांना अडविते, त्यामुळे गाडीचा वेग आवरला जातो. आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाऊन दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते. आजच्या मुंबई लोकल गाड्याही प्रत्येक स्टेशनात थांबताना असेच करतात. घेतलेल्या विजेपैकी सुमारे एक तृतीयांशापर्यंत वीज त्या परत देऊ शकतात. वाफेच्या इंजिनाला घाट उतरताना आपला कोळसा परत मिळत नसे. नुसते ब्रेक लावून थांबणाऱ्या गाडीची सारी शक्ती ब्रेक तापण्यात संपून जाते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडीतील आग कोठे गेली? ती पुष्कळ अंशी वीजकेंद्रात गेली. चोळा येथे कोळसा जळत होता, म्हणून थळ घाटातील बोगदे धुरावाचून राहिले. आजही आपल्या देशातील बरीचशी वीज कोळशापासूनच होते. म्हणजे विजेच्या गाडीमुळे धूर मुळीच होत नाही, असे म्हणणे खरे नव्हे. तो खर्डीच्या स्टेशनात होत नाही. दूर कोठेतरी, दुसऱ्या एखाद्या गावाजवळ होतो, आणि त्या गावातही आपल्यासारखीच मुले राहतात. हे विसरून कसे चालेल? तथापि आग गाडीबाहेर गेल्याने एक मोठा लाभ झाला. वाफेच्या इंजिनाला कोळसा सोडून उन्हावर चालण्यास सांगता आले नसते. विजेच्या इंजिनाला मात्र वीज कोळशाची आहे, पाण्याची आहे, वाऱ्याची आहे की सूर्याची आहे, याच्याशी काही कर्तव्य नसते. उद्या वीज निर्माण करण्याची अधिक निर्मळ रीत सर्वत्र आली, तर एकही डबा न बदलता, एकही रूळ न उखडता, सगळी गाडी निर्मळ होईल. ही सोय आगीला गाडीपासून वेगळे केल्यामुळेच लाभली.

या लाभाबरोबर एक परावलंबनही आले. वाफेचे किंवा डिझेलचे इंजिन स्वतःच्या शिदोरीवर जगते. विजेचे इंजिन तारेवर जगते. तार तुटली अथवा वीज गेली, की ते जागच्या जागी थबकते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व आसपासच्या भागातील वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा लोकल गाड्याही ठिकठिकाणी उभ्या राहिल्या होत्या. म्हणून तारा दुरुस्त करणाऱ्या कामगारांचे महत्त्व फार आहे. भर पावसात, रात्री-अपरात्री, घाटात दरड कोसळली वा झाड तारेवर पडले, तर हीच माणसे तेथे धावून जातात. त्यांची गाडी बहुधा डिझेलवरच चालते, कारण जेथे वीज नाही तेथेच तिला जावयाचे असते.

मुलांनो, या तारेविषयी एक सूचना मनात पक्की ठेवावी. २५००० व्होल्ट दाबाच्या तारेला स्पर्श झाला तरच धोका असतो, असे नाही. फार जवळ गेल्यासही ही वीज हवेतून झेप घेऊ शकते. म्हणून तारेपासून निदान दोन मीटर अंतर राखावे, असे रेल्वे सांगते. उभ्या डब्याच्या टपावर चढणे, पुलावरून काठी किंवा ओली दोरी खाली सोडणे, तारेत अडकलेला पतंग काढावयास जाणे, ही धाडसाची कामे नव्हेत. ती प्राणघातक आहेत. तारेचा आवाज येत नाही, ती लाल होत नाही, तिच्यातून ठिणगीही सदा दिसत नाही. पूर्वीची आग डोळ्यांना दिसत असे व माणूस आपोआप दूर राही. आताची शक्ती दिसत नाही, म्हणून तेथे समज हवी.

आता मुरबाडची आठवण करू. कल्याणपासून मुरबाड तीस-पस्तीस किलोमीटरांवर आहे. कल्याणहून तेथपर्यंत लोहमार्ग नेण्याची मागणी जुनी आहे आणि तशी योजनाही आखली गेली आहे. हा मार्ग होईल तेव्हा मुरबाडच्या मुलांना गाडीतील आग मुळीच पाहावयास मिळणार नाही; त्यांच्या गावात पहिल्या दिवसापासून विजेचीच गाडी येईल. शेजारच्या शहापूरने जे टप्पे दीडशेहून अधिक वर्षांत ओलांडले, ते मुरबाड एका पावलात ओलांडील. हा उशिरा येण्यातला थोडासा फायदा होय. परंतु उशिराचा तोटा किती मोठा आहे, हेही पाहिले पाहिजे. खर्डी किंवा आसनगाव येथील विद्यार्थी सकाळी लोकलने कल्याणच्या महाविद्यालयात जाऊन संध्याकाळी घरी परतू शकतो. दूधवाला, भाजीवाला, कारखान्यातील कामगार आपले गाव न सोडता शहरात काम करू शकतो. मुरबाडच्या आत, डोंगरालगतच्या पाड्यावर राहणाऱ्या मुलाला आधी पायी सडकेवर यावे लागते, मग एसटीची वाट पाहावी लागते, मग रेल्वेची. दोघांची बुद्धी सारखी असली, तरी दोघांचा दिवस सारखा नसतो. शहापुरातही सर्वांची स्थिती एकसारखी नाही. जी गावे लोहमार्गापासून दूर आहेत, त्यांना वेगवान गाडीची फक्त शिट्टी ऐकू येते. स्टेशनापर्यंत चांगला रस्ता आणि वेळेवर येणारी एसटी नसेल, तर गाडीने वाचविलेली मिनिटे सडकेवरच खर्च होतात.

म्हणून गाडी किती वेगाने धावते, एवढेच पाहून तिचे मोल ठरवू नये. ती कोणासाठी थांबते, तिच्यापर्यंत कोण पोहोचू शकतो, आणि तिला लागणारी शक्ती कोठून येते, हेही विचारले पाहिजे. वाफेकडून विजेकडे आणि डिझेलकडून विजेकडे येताना माणसाने पुष्कळ बुद्धी खर्च केली. फायरमनच्या हातातील फावडे गळून पडले, बोगद्यांतील धूर गेला, घाट उतरणारी गाडी घाट चढणाऱ्या गाडीला हात देऊ लागली. तेवढ्याच बुद्धीने उरलेली दोन कामे व्हावयाची आहेत: दूरच्या वीजकेंद्रातील धूर कमी करणे, आणि सडकेवर वाट पाहत उभ्या असलेल्या मुलापर्यंत गाडी नेणे. पुढच्या वेळी गाडीची वाट पाहताना वर पाहा. ती बारीक तार कोठून आली व कोठे चालली आहे, याचा विचार करा. आग डोळ्यांआड झाली असली, तरी तिचा हिशेब आपल्यालाच ठेवावयाचा आहे.